मशीनपासून सुटलेला हरेश्वर

हरेश्वर माझ्या शेजारच्या पलंगावर असायचा. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळची पाळी. अंधेरीच्या पश्चिमेला एका ट्रस्टचं जुनं हॉस्पिटल आहे. तिथे पहिल्या मजल्यावर डायलिसिसची खोली होती आणि तिच्यात पलंग इतके दाटीवाटीने लावलेले की त्याच्या मशीनचा अलार्म वाजला की मी दचकायचो, माझ्या मशीनचा वाजला की तो. ज्याची किडनी गेली त्याचं रक्त नळीतून बाहेर काढतात, मशीनमध्ये धुतात आणि परत आत सोडतात. एका वेळेला चार तास. नवी किडनी मिळाली तर ठीक, नाहीतर जन्मभर.

मी विलेपार्ल्याचा. मरोळच्या एका छापखान्यात मशीनमन होतो, आता घरीच असतो. हरेश्वर वेसाव्याचा कोळी. आडव्या हाडाचा, पंजा माझ्या दुप्पट. स्वतःची बोट होती त्याची. बोटीवरचे खलाशी त्याला नाखवा म्हणायचे आणि तो एकदा समुद्रावर गेला की आठवडाभर घरी तोंड दाखवायचा नाही. साखरेने आधी त्याचे डोळे खाल्ले, मग किडन्या. समोर माणूस उभा आहे एवढं त्याला कळायचं, पण कोण आहे ते आवाज ऐकल्याशिवाय कळायचं नाही. बोट धाकट्या भावाकडे, माणिककडे गेली. मशीनच्या सुया टोचायला डाव्या हातात रक्ताची नस जोडून घेतलेली, म्हणून त्या हाताने दोर ओढायचा नाही, वजन उचलायचं नाही. ज्या माणसाने जन्मभर दोरच ओढला त्याला हे सांगणं म्हणजे काय, ते त्याच्या शेजारी पडून मी बघितलं.

बाकीचे आम्ही रुळलो होतो. कोणी टीव्ही बघायचं, कोणी झोपायचं, मी पेपर वाचायचो. हरेश्वर रुळला नाही. सहा वर्षं झाली तरी नाही. तो आढ्याकडे तोंड करून पडायचा आणि जो कोणी खोलीत येईल त्याला विचारायचा, "बाहेर वारा कुठला?" अंधेरीच्या रस्त्यावरून आलेल्या माणसाला वारा कुठला ते काय माहीत? कोणी म्हणायचं, "काय माहीत काका, रिक्षातनं आलो." मग तो परत आढ्याकडे तोंड फिरवायचा.

एकदा त्याचा तोल सुटला. मढला त्याच्या मुलीच्या, कल्पिताच्या घरी बारसं होतं. वेसाव्यासमोर खाडी, पलीकडे मढ, फेरीबोटीने गेलं तर चहा गार व्हायच्या आत पोचतो माणूस. पण बारसं होतं बुधवारी आणि बुधवार मशीनचा. अर्ध्यावर हरेश्वर उठून बसला आणि उजव्या हाताने सुईच्या चिकटपट्ट्या काढायला लागला. मी ओरडलो. आमचा टेक्निशियन प्रीतम धावत आला, त्याने दोन्ही हातांनी त्याचं मनगट दाबून धरलं. चादरीवर रक्त सांडलं होतं. "काका, मरायचंय का?" प्रीतम म्हणाला. हरेश्वर म्हणाला, "नाय रे. जायचंय." आणि परत आडवा झाला. चार तास भरले तेव्हा बारसं होऊन गेलं होतं.

त्याची बायको मथुरा त्याला घेऊन यायची. हिरवा चुडा, नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, आणि रिक्षात एका मांडीला नवरा आणि दुसऱ्या मांडीला मासळीची पाटी. वासामुळे रिक्षावाले थांबायचे नाहीत. ती त्यांना ऐकवायची ते आम्हाला पहिल्या मजल्यावर कळायचं. वर येऊन नवऱ्याला पलंगावर बसवायची, पायांवर चादर टाकायची, प्रीतमला म्हणायची, "बघ हां याला," आणि निघून जायची. हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीच्या तोंडाशी, एका बंद दुकानाच्या पायरीवर ती पाटी मांडून बसायची. सोमवारी गिऱ्हाईक कमी. बुधवारी आणि शुक्रवारी मात्र बायका आधीच वाट बघत उभ्या असायच्या. माझी बायको नीलम त्यांच्यातलीच एक.

नीलम एकदा मला म्हणाली, "वर तुमच्या खोलीत मथुराताई येते ना, ती वेगळी आणि खाली बसते ती वेगळी." मला ते खरं वाटलं नाही. मग एकदा मशीनचं पाणी बिघडलं म्हणून आमची पाळी उशिरा सुरू होणार होती, मी पाय मोकळे करायला खाली गेलो. मथुरावहिनी पायरीवर पाय लांब करून बसली होती. शेजारी भाजीवाली. सुरमईचे तुकडे करता करता ती भाजीवालीला कसली तरी गोष्ट सांगत होती आणि दोघी इतक्या हसत होत्या की सुरी बाजूला ठेवावी लागली. एका बाईने मासा ताजा आहे का ते पापलेटचे कान उघडून बघितलं, तशी वहिनी म्हणाली, "माझ्या नवऱ्याचे डोळे गेलेत बाई, माझ्या माशाचे नाय गेले." त्या बाईलाही हसू आलं. मी तसाच मागे फिरलो. मला वाटलं, मी तिथे असायला नको.

आठवड्याचे बाकीचे दिवस ती घरीच. हरेश्वरला एकटं ठेवता यायचं नाही. आम्हा लोकांना पाणी मोजून प्यावं लागतं, कारण लघवी होत नाही, प्यालेलं सगळं अंगात साठतं. एका उन्हाळ्यात ती शेजारी लग्नाच्या हळदीला गेली आणि याला तहान सोसेना. चाचपडत माठाशी गेला आणि प्यायला लागला तो थांबलाच नाही. संध्याकाळी श्वास लागला, छातीत पाणी झालं, मरता मरता वाचला. त्यानंतर मथुरावहिनी कोणाच्या हळदीला गेली नाही. दारात बसून राहायची. बाजारातली तिची जागा दुसऱ्या कोळणीने घेतली होती. राहिली होती ती गल्लीतली पायरी, तीन दिवसांची.

आमची खोली आता पुरेना झाली होती. पूर्वी सगळे आमच्यासारखे उतरत्या वयाचे असायचे. आता नोकरीवाली पोरं यायला लागली. त्यांना संध्याकाळची पाळी हवी होती, ती नव्हती. व्हीलचेअरवरचे म्हातारे यायला लागले, त्यांची खुर्ची संडासाच्या दारातून आत जायची नाही. बाहेर जिन्यात माणसं ताटकळत बसायची, कोणाचा नंबर कधी लागेल ते देव जाणे. आम्हा पलंगवाल्यांनाही माहीत होतं की एखादा पलंग रिकामा होतो तो कशाने होतो.

ट्रस्टने शेवटी वरचा मजला वाढवायला घेतला. दिवसभर ड्रिलचा आवाज, खिडक्यांना निळी ताडपत्री, आमच्या चादरींवर सिमेंटची बारीक धूळ. त्याच दिवसांत अनुपमा सिस्टर आल्या. मुलुंडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात त्यांनी बरीच वर्षं काढली होती. शांत बाई, बोलताना खुर्ची ओढून शेजारी बसायच्या. नवा मजला पेशंटच्या सोयीचा व्हावा म्हणून ट्रस्टने त्यांना प्रत्येकाशी बोलायला सांगितलं होतं.

"तुम्हाला काय हवंय?" त्या प्रत्येक पलंगापाशी विचारायच्या.

कोणी जाड रग मागितला. कोणी संडासात धरायला दांडी. मी म्हणालो, मशीन थोडी लांब लांब ठेवा. एक आजोबा म्हणाले, टीव्हीवर मराठी चॅनल लावा. हरेश्वरची वेळ आली.

"मना इथून सुटायचंय," तो म्हणाला.

खोलीत हशा पिकला. अनुपमा सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी पेन बाजूला ठेवलं आणि त्याला पोटाच्या डायलिसिसबद्दल सांगायला लागल्या. पोटात एक मऊ नळी बसवतात. घरीच, दिवसातून चार वेळा, औषधी पाण्याची पिशवी पोटात सोडायची, काही तासांनी ते पाणी काढून टाकायचं आणि नवीन भरायचं. शरीरातली घाण त्या पाण्यातून जाते. मशीन नाही, सुया नाहीत, आठवड्याच्या वाऱ्या नाहीत. महिन्यातून एकदा तपासणी. पाणी पोटात असताना माणूस हिंडूफिरू शकतो.

"बोटीवर?" हरेश्वरने विचारलं.

"समुद्राचं पाणी नळीला लागता कामा नये. जाळं ओढायचं नाही. पण बसून फिरून यायला हरकत नाही," सिस्टर म्हणाल्या. "फक्त एक आहे. पिशवी जोडताना नळीच्या तोंडाला बोटही लागून चालत नाही. तुमच्या नजरेने ते जमणार नाही. घरातल्या कोणालातरी शिकावं लागेल."

मथुरावहिनीला वर बोलावलं. ती सुरी धुऊन, हात पदराला पुसत आली. सिस्टरांनी पुन्हा सगळं सांगितलं. "तुमचाही त्रास वाचेल. हे येणं-जाणं, रिक्षावाल्यांशी भांडणं, काही नको," त्या म्हणाल्या. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा म्हणालो, "वहिनी, सुटाल तुम्ही." हरेश्वर तिच्या दिशेला तोंड करून बसला होता, लहान मुलासारखा. वहिनीने एकदाच विचारलं, "दिवसातून चार वेळा? रोज?" सिस्टर म्हणाल्या, "रोज. सणाला, आजारपणाला, कधीही चुकवायचं नाही." वहिनी म्हणाली, "शिकवा मग."

ती पटकन शिकली. कोपरापर्यंत हात घासायचे, तोंडाला मास्क, खिडक्या-दारं बंद, पंखा बंद, मग पिशवी जोडायची. निघालेलं पाणी गढूळ दिसलं तर जंतू शिरले, लगेच हॉस्पिटल. हातात बांगड्या चालणार नाहीत असं सिस्टरांनी सांगितलं तेव्हा ती जरा थांबली. मग एकेक करून बांगड्या उतरवल्या आणि रुमालात बांधल्या.

हरेश्वरच्या शेवटच्या शुक्रवारी आम्ही त्याला निरोप दिला. त्याने पेढे आणले होते, आमच्यातल्या अर्ध्यांना साखर, तरी सगळ्यांनी खाल्ले. जाताना त्याने आपल्या मशीनवर हात ठेवला, थोपटला आणि म्हणाला, "चल, येतो." प्रीतम म्हणाला, "येतो नका म्हणू काका, जातो म्हणा." सोमवारी त्याच्या पलंगावर श्वेता नावाची एक मुलगी आली, कांदिवलीची, बँकेत नोकरीला. जिन्यात सगळ्यात जास्त दिवस बसलेली तीच होती.

दोनेक महिन्यांनी नीलम आणि मी वेसाव्याला त्यांच्याकडे गेलो. माझा मशीन नसलेला दिवस. गल्लीत जाळी, वाळत घातलेले बोंबील, पोरांचा कालवा. त्यांचं दार तेवढं बंद. ठोठावलं तर आतून वहिनीचा आवाज आला, "थांबा जरा, पिशवी चालू आहे." आम्ही बाहेर उभे राहिलो. बऱ्याच वेळाने दार उघडलं.

आत भट्टी होती. एकच खोली, वर पोटमाळा, आणि भिंतीला लागून छतापर्यंत औषधी पाण्याच्या पिशव्यांचे खोके. पलंग तेवढा कसाबसा राहिला होता. पलंगावर हरेश्वर, अंगावर गंजी, चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला तजेला. खिळ्याला रिकामी पिशवी लोंबकळत होती. वहिनीने मास्क काढला. मास्कच्या कडांचे वळ गालावर उमटले होते आणि हातांची कातडी साबणाने सोलून पांढरी पडली होती. तिच्या अंगाला मासळीचा वास नव्हता. रुग्णालयाचा होता.

हरेश्वर थांबायला तयार नव्हता. "दशरथ, काल मी खाडीच्या तोंडापर्यंत गेलो होतो. माणिक नेतो मला. सकाळची पिशवी झाली की निघतो, दुपारच्या पिशवीला परत. केळं खाल्लं अर्धं, मशीनवर होतो तेव्हा बंद होतं, आता डॉक्टरने परवानगी दिली. रिपोर्ट बघ माझे, सगळे बरोबर." त्याने मला बोटीच्या इंजिनाबद्दल सांगितलं, मढच्या किनाऱ्याबद्दल, एका खलाशाला शिव्या घातल्या त्याबद्दल. डोळे नव्हते, पण पाण्याचा आवाज बदलला की आपण कुठे आलो ते त्याला कळायचं. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. परतताना मी नीलमला म्हणालो, "सुटला गडी." रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "मथुराताई माझ्याशी एक शब्द बोलली नाही. चहा ठेवला, कप धुतले आणि घड्याळाकडे बघत राहिली."

पुढचं मला हरेश्वरनेच सांगितलं. ती दोघं आपल्या बोलीत बोलतात, ती मला पुरती येत नाही. म्हणून माझ्या भाषेत सांगतो.

एके दिवशी माणिकच्या बोटीचं इंजिन खाडीतच बंद पडलं. दुपारची पिशवी टळून गेली. हरेश्वर मजेत होता. एखादी पिशवी तासभर मागेपुढे झाली तर चालतं, असं सिस्टरांनीच सांगितलेलं. दुसऱ्या बोटीने ओढून त्यांना धक्क्यावर आणलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. माणिकचा हात धरून तो घरात शिरला आणि पलंगावर बसला.

"मथुरा?" त्याने हाक मारली. उत्तर नाही. त्याला वाटलं ती शेजारी गेली असेल. म्हणून आपल्याशीच बोलल्यासारखा तो माणिकला म्हणाला, "गेली वाटतं कुठे. बरं झालं, जरा फिरू दे तिला."

"मी इथेच आहे," ती म्हणाली. ती त्याच्या पाठीमागे हातभरावर, पिशवीखाली उभी होती.

"आवाज आला नाही तुझा."

"कसला आवाज येणार?"

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. सहा वर्षं त्याने तिला बांगड्यांवरून ओळखलं होतं. ती चुलीशी आहे, दारात आहे, जवळ येतेय, सगळं त्याला बांगड्या सांगायच्या. गेले कितीतरी महिने घरात तो आवाज नव्हता आणि त्याला ते जाणवलंही नव्हतं, कारण तो घरात नव्हताच. पिशवीपुरता यायचा आणि जायचा.

"पिशवीच्या वेळेला काढतेस ना? बाकी वेळ घाल की," तो म्हणाला.

"चार वेळा काढायच्या, चार वेळा घालायच्या? कशाला? कोणाला दाखवायच्या? खोक्यांना?"

माणिक हळूच बाहेर पडला.

मग ती बोलली. रडली नाही, आवाज चढवला नाही, हात घासता घासता बोलत राहिली. तुम्हाला मशीनला बांधलं होतं ते सगळ्यांना दिसायचं, ती म्हणाली. सगळे म्हणायचे, बिचारा हरेश्वर. आणि तुम्हाला एकदा बांधलं की मी चार तास सुटायचे. त्या पायरीवर मला कोणी विचारायचं नाही की पाणी किती प्यायले, साखर किती आहे. माझ्याशी लोक माशाबद्दल बोलायचे. बुधवार-शुक्रवारची मी वाट बघायचे, कल्पिताचे बाबा. सोमवारचीसुद्धा. तुम्हाला तिथे त्रास व्हायचा आणि मी इकडे त्या दिवसाची वाट बघायचे. हे कोणाला सांगायचं मी? म्हणून नाही सांगितलं. आज पिशवीची वेळ टळली तेव्हा मी इथे बसून काय काय बघितलं डोळ्यांपुढे, ते तुम्हाला नाही कळायचं.

तिने पिशवी जोडली. पाणी निघून नवीन भरेपर्यंत दोघं त्या बंद खोलीत बसून होती. तिला बाहेर जाता येत नव्हतं, त्याला उठता येत नव्हतं.

दुसऱ्याच आठवड्यात हरेश्वर हॉस्पिटलात अनुपमा सिस्टरांसमोर जाऊन बसला. मी मशीनवर होतो, मला त्याचा आवाज ऐकू आला. "नळी काढा आणि मला परत मशीनवर घ्या."

सिस्टरांना वाटलं काहीतरी दुखतंय. त्यांनी रिपोर्ट बघितले, पोट तपासलं, सगळं उत्तम. डॉक्टर आले. ते म्हणाले, "अहो, तुमच्यासारखा रिझल्ट मी लोकांना दाखवतो. कोणी स्वतःहून मशीनवर परत येतं का?" हरेश्वर एकच बोलला, "मला जमत नाही." का जमत नाही, ते त्याने त्यांना सांगितलं नाही. बायकोचं नाव घेतलं नाही. शेवटी सिस्टरांनीच खुर्ची ओढली आणि विचारलं, "मथुराताई काय म्हणतात?" तो पुन्हा तेच म्हणाला, "जमत नाही," तेव्हा त्यांना समजलं असावं.

पण परत यायला जागा कुठे होती? त्याच्या पलंगावर श्वेता होती. जिन्यात माणसं बसलेली होतीच. वरचा मजला बांधून तयार होता, फरशी, दिवे, पलंग सगळं लागलं होतं, पण पाणी शुद्ध करायची यंत्रणा पास व्हायची होती आणि तोवर एकही मशीन चालू करता येत नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, "वरचा मजला सुरू झाला की पहिला तुम्ही. तोपर्यंत पिशव्या सोडू नका."

मग सुरू झालं ते सगळ्यात वाईट होतं, असं हरेश्वर म्हणतो. आता दोघांनाही सगळं माहीत होतं. आणि मथुरावहिनी ऐकायला तयार नव्हती. "मी रागात बोलले. तुम्ही मशीनवर परत जायचं नाही. मी करते ना," ती म्हणायची. तो बोटीवर जायचा बंद झाला, तर ती भांडायची, "जा ना, कशासाठी करतेय मी हे?" तो गेला तर त्याचं लक्ष लागायचं नाही. माणिक सांगत होता, दादा बोटीत बसून सारखा विचारायचा, किती वाजले. कल्पिता मढहून यायची, म्हणायची, मी शिकते पिशवी, आठवड्यातून दोन दिवस येईन. पण तिचं पोर अंगावर पिणारं, सासू अंथरुणाला खिळलेली. एकदा आली, दुसऱ्यांदा जमलं नाही. त्या घरात तेव्हा जो तो दुसऱ्याला सोडवायला बघत होता आणि सुटत कोणीच नव्हतं.

अनुपमा सिस्टरांनी ट्रस्टच्या मीटिंगमध्ये सुचवलं की पिशवी लावायला शिकवलेल्या मदतनीस बाया नेमाव्यात, वेसावा, मढ, कांदिवलीपर्यंत घरोघर जातील, घरच्या माणसाला दिवसातली एखादी पिशवी तरी सुट्टी मिळेल. मीटिंगमध्ये सगळ्यांना कल्पना आवडली. पुढच्या टप्प्यात बघू, असं ठरलं. तो टप्पा अजून आलेला नाही. एक मात्र सिस्टरांनी स्वतःच्या हातात होतं ते केलं. आता कोणाला घरचं डायलिसिस द्यायचं असेल तर त्या पेशंटला बाहेर बसवतात आणि घरच्या बाईशी दार लावून एकट्या बोलतात. पहिला प्रश्न विचारतात, "तुम्ही दिवसभर काय करता?"

वरचा मजला सुरू झाला तेव्हा पाऊस संपून गेला होता. चकचकीत जागा आहे. मशीन लांब लांब, संडासाची दारं रुंद, धरायला दांड्या, संध्याकाळची पाळीसुद्धा. श्वेता संध्याकाळच्या पाळीला गेली, मी हरेश्वरच्या शेजारी वर आलो. काचा मात्र बंद, उघडायची सोय नाही. एसी इतका की ऑक्टोबरमध्येही रग लागतो. हरेश्वरच्या पोटातली नळी काढली. हातातली नस टिकली होती, तिच्यावर बोट ठेवलं की घरघर लागायची. पहिल्या दिवशी प्रीतमने सुया टोचल्या तेव्हा तो "आई गं" म्हणाला.

मथुरावहिनीने त्याला पलंगावर बसवलं तेव्हा तिने पाटी आणली नव्हती. ती बाहेरच्या बाकावर बसून राहिली. पुढच्या वेळेलाही तसंच. हरेश्वरला ते प्रीतमकडून कळलं. तिसऱ्या खेपेला तो रिक्षातून उतरायलाच तयार होईना. "पाटी कुठे आहे? पाटीशिवाय मी वर जायचा नाही," म्हणून बसून राहिला. रिक्षावाला वैतागला, मागे गाड्यांचे हॉर्न. वहिनी संतापली, त्याला नाही नाही ते बोलली, पण पुढच्या वेळेला पाटी घेऊन आली. पायरीवर आता एक मोबाइलच्या कव्हरवाला बसायला लागला होता. तिने त्याला बाजूला सरकवलं. तिथून पुढे तो अर्ध्या पायरीवर, ती अर्ध्या पायरीवर, आणि दोघांची दर खेपेला भांडणं.

हरेश्वर आता पूर्वीसारखा तडफडत नाही. रुळला असंही मी म्हणणार नाही. बोटीचं नाव काढत नाही. मी एकदा विचारलं, "पस्तावलास का रे?" तो म्हणाला, "दशरथ, त्या चार महिन्यांत मी जेवढा फिरलो ना, तेवढी ती बसली. हिशेब नाय करत मी. पण आता बोटीत बसलो तरी मला ती खोलीच दिसेल."

गेल्या बुधवारी त्याच्या पायात गोळे आले. मशीनने जास्त पाणी ओढलं की येतात. पोटऱ्या दगडासारख्या होतात आणि भल्याभल्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. त्याने पलंगाची कड घट्ट धरली. प्रीतमने मशीन हळू केलं, पाय दाबायला लागला. "काकूंना बोलावू का वर?" त्याने विचारलं.

"नको," हरेश्वर दातांवर दात धरून म्हणाला. "गिऱ्हाईक असेल."

गोळे उतरायला वेळ लागला. मी माझ्या पलंगावरून हात लांब केला, पण नव्या मजल्यावर मशीन लांब लांब आहेत, पोचला नाही. म्हणून नुसता बोलत राहिलो. नीलमने सकाळी काय केलं होतं, पार्ल्याच्या फाटकाजवळ काय खोदून ठेवलंय, असलं काहीबाही. तो ऐकत होता की नाही कोण जाणे. मध्येच त्याने कड सोडली, रग गळ्यापर्यंत ओढला. मी थांबलो तसा म्हणाला, "बोल ना. थांबलास कशाला?"